खाणीच्या तेलकट पाण्यासाठी वाळ्याचा वाफा

सिंधुदुर्गातल्या रेडीसारख्या खाणपट्ट्यात यंत्रं धुतलेल्या पाण्यात डिझेल, ग्रीस असतं. ते वाळा लावलेल्या, खडी भरलेल्या वाफ्यातून सोडून स्वच्छ करता येतं. पण आधी तेल-सापळा (तरंगतं तेल अडवणारी टाकी) हवाच. तवंग वाफ्यात शिरला की मुळं गुदमरतात.

रोज १० घनमीटर पाणी, वाफ्यात त्याचा ५ दिवस मुक्काम, खडीत ४०% पोकळी धरली तर ६० सेंमी खोल पाणी राहणारा वाफा साधारण २१० चौरस मीटरचा लागतो. जांभ्यातून पाणी झिरपतं, म्हणून तळाला शेततळ्याचा प्लास्टिक कागद. खडी काळ्या दगडाचीच. जांभा भुगा होऊन वाफा तुंबवतो. चौरस मीटरला ४ रोपं, वाळा किंवा पाणकणीस. पाण्याची पातळी खडीच्या पृष्ठभागाच्या ५ सेंमी खाली ठेवा.

तेल फोडतात ते मुख्यतः मुळांभोवतीचे जिवाणू. झाडात शिरलेला थोडा अंश झाडाची विकरं (एन्झाइम) बदलतात आणि तो पेशींच्या रसधानीत कोंडला जातो. मुख्य काम मुळांभोवतीच होतं, म्हणून पहिले काही महिने, मुळं पसरेपर्यंत, साधं पाणी मिसळून पातळ केलेलं पाणीच सोडा. जूनआधी बाजूने चर काढा, नाहीतर पावसाचं पाणी वाफ्यातलं सगळं पाणी स्वच्छ होण्याआधीच पुढे ढकलतं.