स्क्रीन रीडरवर मीडिया प्लेयर वापरताय? या चुका टाळा

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम, एनव्हीडीए हा त्यातलाच एक. तो वापरणाऱ्या कुणाचा मदतीसाठी फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "प्लेयर बिघडलाय, काढून परत टाकू का?"

"होतंय काय नेमकं?"

"स्पेस दाबली की गाणं थांबतं. परत दाबली की चालूच होत नाही."

"थांब. एनव्हीडीए की आणि टॅब एकत्र दाब. काय बोलतंय?"

"स्टॉप बटण."

झालं निदान. मधे कधीतरी टॅब दाबला गेला, फोकस (म्हणजे दाबलेली की जिथे लागू होते ती जागा) टूलबारवरच्या स्टॉपवर जाऊन बसला आणि तेव्हापासून प्रत्येक स्पेस त्याच्यावर पडत होती. प्लेयर बिचारा सांगितलं तेच करत होता.

आपण दाबलेली की थेट प्लेयरकडे जात नाही. आधी ती स्क्रीन रीडरच्या हातात पडते. त्याच्या कामाची असेल तर तो ठेवून घेतो. मग ती जाते फोकस असलेल्या विंडोकडे, आणि त्या विंडोतही जिथे फोकस आहे त्या बटणाकडे, यादीकडे किंवा स्लायडरकडे. 'प्लेयर ऐकतच नाही' अशी तक्रार असते तेव्हा की बहुतेक वेळा या वाटेतच कुठेतरी अडकलेली असते. खालची उदाहरणं मुख्यतः विंडोजवरच्या एनव्हीडीएची आहेत, कारण दिवसभर माझ्या कानात तोच असतो. जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनी शॉर्टकट तेवढे बदलून घ्यावेत. एनव्हीडीए की म्हणजे इन्सर्ट, किंवा सेटिंग केलं असेल तर कॅप्स लॉक.

टॅबने हिंडत बसू नका

नवीन माणूस प्लेयर उघडतो आणि टॅब मारत सुटतो. वेब पेजवर, फॉर्मवर ही सवय चांगली आहे. प्लेयरमध्ये ती नडते, कारण फोकस जिथे जाईल तिथे बाणांचा आणि स्पेसचा अर्थ बदलतो. प्लेलिस्टमध्ये असाल तर वर-खाली बाण यादीत फिरवतात, व्हॉल्यूमच्या स्लायडरवर असाल तर आवाज हलतो.

त्यापेक्षा शॉर्टकट पाठ करा आणि फोकस मुख्य खिडकीतच राहू द्या. व्हीएलसी या प्लेयरमध्ये डाव्या-उजव्या बाणाबरोबर शिफ्ट दाबलं तर ३ सेकंद, ऑल्ट दाबलं तर १० सेकंद, कंट्रोल दाबलं तर १ मिनिट आणि कंट्रोल-ऑल्ट दोन्ही दाबले तर ५ मिनिटं मागेपुढे जाता येतं. कंट्रोल + टी दाबून नेमकी वेळ टाइप करता येते. दोन तासांच्या भाषणात ४७व्या मिनिटाला जायचं असेल तर स्लायडरशी झटापट करण्यात काय अर्थ आहे?

कंट्रोल-ऑल्ट-बाणाचा एक गमतीदार धोका सांगतो. काही जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये हाच शॉर्टकट स्क्रीन फिरवण्यासाठी राखून ठेवलेला असतो. म्हणजे तुम्ही ५ मिनिटं पुढे जायला जाता आणि स्क्रीन आडवी होते. आपल्याला पत्ताच नाही! मला तर शेजारी बसणाऱ्याने विचारलं, "तू मान वाकडी करून बसतोस का रे?" तेव्हा कळलं. अशा मशीनवर कंट्रोल + ऑल्ट + वरचा बाण दाबला की स्क्रीन सरळ होते, आणि ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये हे शॉर्टकट बंद करता येतात.

ब्राउझरमध्ये अक्षरं कोण खातं?

ही चूक सगळ्यात जास्त वेळा होते, म्हणून जरा सविस्तर.

यूट्यूबवर के दाबलं की व्हिडिओ थांबतो किंवा चालू होतो, एल दाबलं की १० सेकंद पुढे जातो, एम दाबलं की म्यूट होतो. आकडे दाबले तर त्या त्या टक्क्याला उडी: ५ म्हणजे व्हिडिओचा मध्य. कुणीतरी हे सांगतं, आपण उत्साहाने ५ दाबतो आणि एनव्हीडीए म्हणतो, पुढे पाचव्या पातळीचं हेडिंग नाही. के दाबलं तर पुढच्या लिंकवर जातो, एल दाबलं तर पुढच्या यादीवर. व्हिडिओ आपला चालूच.

कारण आपण ब्राउझ मोडमध्ये, म्हणजे पान वाचत हिंडायच्या मोडमध्ये असतो. त्या मोडमध्ये ही सगळी अक्षरं एनव्हीडीएची असतात आणि तो ती पानाला देतच नाही. एनव्हीडीए + स्पेस दाबून फोकस मोडमध्ये गेलं की अक्षरं प्लेयरला मिळायला लागतात. मोड बदलताना दोन वेगळे आवाज येतात, ते कानात बसवा. मग प्रत्येक वेळी 'आत्ता मी कुठल्या मोडमध्ये आहे' असा प्रश्नच पडत नाही.

त्यातही एक पाचर आहे. फोकस मोडमध्ये गेलात, पण फोकस शोधाच्या चौकटीत असेल, तर के दाबल्यावर तिथे 'के' असं अक्षर उमटतं. म्हणून आधी ब्राउझ मोडमध्येच ओ दाबून प्लेयर गाठायचा प्रयत्न करा, कारण एनव्हीडीएमध्ये ओ म्हणजे पानात बसवलेला प्लेयर किंवा तशीच वस्तू. नाहीतर बी दाबत प्लेयरच्या एखाद्या बटणापर्यंत जा आणि तिथे मोड बदला.

मोड बदलण्याचा कंटाळा असेल तर एनव्हीडीए + शिफ्ट + स्पेस बघा. त्याने अक्षरांची उडी तेवढी बंद होते, बाणांनी वाचणं चालू राहतं आणि अक्षरं पानाला मिळतात. लांबलचक व्याख्यान ऐकताना खाली प्रतिक्रिया वाचायच्या आणि मधेच के दाबून थांबवायचं असेल तर मी हेच करतो. एकच गोष्ट विसरू नका: काम झालं की ती उडी परत चालू करा. नाहीतर पुढच्या पानावर एच दाबून हेडिंग मिळत नाही म्हणून दुसरा फोन होईल.

आणि एखादीच की अडकत असेल, मग प्लेयर ब्राउझरमधला असो वा मशीनवरचा, तर एनव्हीडीए + एफ२ दाबून मग ती की दाबा. ती थेट ॲपला जाते. जॉजमध्ये यासाठी इन्सर्ट + ३ आहे.

वेळ किती झाली, हे पडद्याला विचारू नका

व्हीएलसीमध्ये टी दाबलं की झालेली वेळ दिसते, असं मदतीत लिहिलेलं असतं. दिसते खरी, पण चित्रावर रंगवलेली. स्क्रीन रीडरला तिथे मजकूर नसतोच, तो वाचणार काय? सबटायटलचंही तसंच. व्ही दाबून सबटायटल बदलले तरी एनव्हीडीए गप्प, कारण तीही चित्रातच मिसळलेली असतात.

वेळेसाठी व्ह्यू मेन्यूत जाऊन स्टेटस बार (खिडकीच्या तळाची माहितीची पट्टी) चालू करा आणि एनव्हीडीए + एंड दाबा. एनव्हीडीएच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये लॅपटॉप लेआउट निवडलेला असेल तर एनव्हीडीए + शिफ्ट + एंड. चालू फाइलचं नाव हवं असेल तर एनव्हीडीए + टी पुरतं. आणि व्हीएलसीचा मेन्यू बारच गायब झाला असेल, तर चुकून कंट्रोल + एच दाबलं गेलंय. पुन्हा तेच दाबा.

फक्त गाणी किंवा ऑडिओबुक ऐकायची असतील तर माझं मत स्पष्ट आहे: फूबार २००० वापरा. २००२ पासून चालत आलेला हा प्लेयर दिसायला रुक्ष आहे म्हणतात, ते आपल्याला काय करायचंय? एनव्हीडीएमध्ये त्याच्यासाठी खास कमांड आहेत. कंट्रोल + शिफ्टबरोबर ई दाबलं की झालेली वेळ, आर दाबलं की उरलेली वेळ, टी दाबलं की एकूण लांबी. पण बरेच हौशी लोक सेटिंगमध्ये शिरून स्टेटस लाइनचा साचा बदलतात आणि मग या कमांड चालत नाहीत. एनव्हीडीए ती वेळ स्टेटस लाइनच्या मूळ साच्यातूनच उचलतो. तिथे हात लावू नका.

'काल जिथे सोडलं तिथून सुरू होत नाही'

होत असतं. व्हीएलसी विचारतो, मागच्या ठिकाणापासून पुढे चालू का? पण हा प्रश्न खिडकीत एका पट्टीवर येतो, फोकस तिकडे जात नाही, त्यामुळे स्क्रीन रीडर बोलत नाही आणि फाइल पहिल्यापासून चालू लागते. कंट्रोल + पी दाबून प्रेफरन्सेसमध्ये जा, इंटरफेसच्या भागात 'कंटिन्यू प्लेबॅक' नावाचा कॉम्बो बॉक्स आहे, त्यात 'ऑलवेज' निवडा. तिथेच 'अलाउ ओन्ली वन इन्स्टन्स' हा चेकबॉक्सही लावून टाका. तो नसेल तर दुसऱ्या फाइलवर एंटर दाबल्यावर दुसरी खिडकी उघडते आणि दोन गाणी एकमेकांच्या उरावर वाजतात. डोळ्यांनी बघणाऱ्याला दोन खिडक्या दिसतात, आपल्याला नुसता कल्लोळ.

आवाजाचे घोटाळे

गाणं फार हळू ऐकू येतं म्हणून लोक प्लेयरचा आवाज १२५ टक्क्यांपर्यंत नेतात आणि मग ते फाटायला लागतं. आधी एनव्हीडीए + शिफ्ट + डी दाबून बघा. ही ऑडिओ डकिंगची कमांड: एनव्हीडीए बोलताना बाकीचे आवाज खाली दाबायचे की नाही, ते ठरवते. तिचे तीन पर्याय आहेत: डकिंग नाही, बोलताना तेवढं, आणि कायम. हात चुकून 'कायम'वर गेला की एनव्हीडीए चालू असेपर्यंत गाणी दबलेलीच राहतात. ही सोय फक्त इन्स्टॉल केलेल्या एनव्हीडीएला आहे, इन्स्टॉल न करता चालणाऱ्या पोर्टेबलला नाही.

गाणं कमी करायचं असेल तर कीबोर्डवरच्या व्हॉल्यूमच्या कीला हात लावू नका. त्या अख्ख्या विंडोजचा आवाज कमी करतात, स्क्रीन रीडरसकट. प्लेयरचाच आवाज हलवा, व्हीएलसीमध्ये कंट्रोलबरोबर वर-खाली बाण. डकिंग नको असेल तर एनव्हीडीए २०२४.२ पासून साउंड स्प्लिट आहे: एनव्हीडीए + ऑल्ट + एस दाबलं की एका कानात एनव्हीडीए, दुसऱ्यात बाकी सगळं. संगीतासाठी हे मला बोचतं, पण भाषण ऐकताना टिपणं काढायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही सापडलेलं नाही.

आता सगळ्यात घाबरवणारा प्रकार. मी एकदा एक नवा प्लेयर टाकला. सेटिंगमध्ये आउटपुटच्या यादीत 'एक्सक्लुझिव्ह' असा पर्याय होता, त्याने आवाज स्वच्छ येतो असं ऐकलं होतं, म्हणून लावला. गाणं सुरू झालं आणि एनव्हीडीए मुका. टॅब, बाण, काहीच बोलेना, गाणं मात्र सुरेल चाललेलं. त्या पर्यायाचा अर्थच तो: साउंड कार्डाचा ताबा एकट्या प्लेयरकडे, बाकी सगळे बाहेर, आणि त्या बाहेरच्यांत आपला स्क्रीन रीडरही आला. ऑल्ट + एफ४ दाबून प्लेयर बंद केला, काही क्षणांनी आवाज आला. नाही आला तर कंट्रोल + ऑल्ट + एन दाबून एनव्हीडीए नव्याने सुरू करा.

हे पुन्हा होऊ नये म्हणून विंडोजमध्येच दार लावून घ्या. विंडोज + आर दाबा, एम एम एस वाय एस डॉट सी पी एल असं इंग्रजी अक्षरांत लिहून एंटर मारा. प्लेबॅकच्या यादीत आपलं डिव्हाइस निवडा, प्रॉपर्टीज उघडा, ॲडव्हान्स्ड टॅबवर जा. ॲपना एक्सक्लुझिव्ह ताबा घेऊ देणारा चेकबॉक्स तिथे आहे, त्याची खूण काढा.

फक्त प्लेयरमध्येच एनव्हीडीए गप्प असेल तर

इतर सगळीकडे बोलतो आणि प्लेयरमध्ये गेलं की गप्प, असं असेल तर तो स्लीप मोड. डेस्कटॉप लेआउटमध्ये एनव्हीडीए + शिफ्ट + एस, लॅपटॉपमध्ये एनव्हीडीए + शिफ्ट + झेड. हे दाबलं की त्या ॲपपुरता एनव्हीडीए बाजूला होतो, पुन्हा तेच दाबलं की परत बोलायला लागतो. याउलट प्रत्येक की दाबल्यावर तिचं नुसतं नाव आणि काम सांगतोय, होत काहीच नाही, असं असेल तर इनपुट हेल्प चालू राहिलंय. एनव्हीडीए + १ दाबून बंद करा.

फोनवर

प्ले बटण शोधत बोट फिरवू नका. अँड्रॉइडचा टॉकबॅक असो की आयफोनचा व्हॉइसओव्हर, दोन बोटांनी दोनदा टॅप केलं की चालू गाणं थांबतं आणि परत सुरू होतं. अँड्रॉइडवर व्हिडिओची बटणं हाताला लागेपर्यंत गायब होत असतील तर ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये 'टाइम टू टेक ॲक्शन' वाढवून २ मिनिटांपर्यंत नेता येतं. सगळी ॲप ते पाळतात असं नाही, पण लावून ठेवायला काय जातं?

आणि हो, 'काढून परत टाकू का?'

सहसा उपयोग होत नाही. प्लेयरची सेटिंग वेगळ्या फोल्डरमध्ये असते आणि काढताना ती पुसायला सांगितलं नाही तर तशीच मागे राहते, म्हणजे नव्या प्लेयरला जुनंच दुखणं. व्हीएलसीमध्ये प्रेफरन्सेसच्या खिडकीतच 'रीसेट प्रेफरन्सेस' बटण आहे, ते दाबा आणि प्लेयर बंद करून पुन्हा उघडा. उघडल्यावर काहीच चालेना झालं तर घाबरू नका: पहिल्यांदा उघडताना येणारा प्रायव्हसीचा डायलॉग परत आलेला असतो आणि तो बंद होईपर्यंत मागची खिडकी काही ऐकत नाही. ऑल्ट + टॅबने तो शोधा, ओके करा, आणि मघाचा 'अलाउ ओन्ली वन इन्स्टन्स' चेकबॉक्स व 'कंटिन्यू प्लेबॅक' कॉम्बो बॉक्स पुन्हा लावा, कारण रीसेटमध्ये तेही पुसले गेलेत.