आउटबोर्ड तापलं तर आधी धार बघा, मग पाना उचला

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागे लावायचं मशीन. त्याचा इशारा देणारा भोंगा सलग वाजायला लागला, मशीनचा आवाज जड झाला, कव्हरखालून रंग जळल्याचा वास आला, किंवा हँडल तसंच धरलेलं असताना वेग उतरला, तर थ्रॉटल कमी करा, गिअर न्यूट्रलला आणा आणि मागे वळून पाण्याची धार (मशीन गार करून बाहेर पडणारं पाणी) बघा. धार पडत नसेल तर मशीन लगेच बंद करा. धार नीट पडत असेल तर एक-दोन मिनिटं आयडलवर चालू ठेवा, कारण फिरतं पाणी हेडमधली (सिलिंडरवरच्या झाकणातली) उष्णता ओढून नेतं. तेवढ्यात भोंगा थांबला नाही तर बंद करा. ८ ते १५ एचपीच्या जुन्या टू-स्ट्रोक मशीनना बऱ्याचदा भोंगाच नसतो. तिथे धारेवर नजर ठेवण्याला पर्याय नाही.

मशीन बंद केल्यावर आधी नांगर टाका. खाडीच्या तोंडाशी फुटत्या लाटांत किंवा खडकाजवळ वाहत जाणारी होडी हा तापलेल्या इंजिनापेक्षा मोठा धोका आहे.

आता मशीन वर उचला आणि पाणी ओढायच्या जाळ्या बघा. त्या खालच्या भागावर, पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वरच्या आडव्या पट्टीखाली, बहुतेक दोन्ही बाजूंना असतात. प्लॅस्टिकची पिशवी, मासे धरायच्या जाळ्याचा तुकडा, शेवाळ, चिखल यांपैकी काहीतरी तिथे हमखास सापडतं. पिशवीची एक खोड लक्षात ठेवा. मशीन बंद झालं की ओढ थांबते आणि पिशवी आपोआप गळून पडते. म्हणून जाळी मोकळी दिसली तरी पिशवी आली नव्हती असं धरू नका.

वरचं कव्हर काढा आणि २० ते ३० मिनिटं थांबा. तापलेल्या हेडवर बालदीभर समुद्राचं पाणी ओतायचा मोह होतो, तो आवरा. तापलेलं ॲल्युमिनियम एकाच बाजूने एकदम गार झालं की हेड वाकतं किंवा तडकतं, आणि किरकोळ दुखण्याचा खर्च हजारांवर जातो. गार झाल्यावर स्टार्टरची दोरी हळू ओढून बघा. नेहमीसारखी फिरली तर मशीन सुरू करा आणि धार बघत आयडलवर थोडा वेळ चालवा. दोरी अडकत असेल तर जोर लावू नका, सेल्फही मारू नका. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये ५ ते १० मिली टू-स्ट्रोक ऑईल सोडा आणि दुसऱ्या होडीला दोरी द्या.

किनाऱ्यावर आल्यावर पहिलं काम धारेच्या भोकाचं. नायलॉनच्या जाड तंगूसाचा तुकडा आत घालून फिरवा. मीठ, वाळू आणि उभ्या मशीनमध्ये कुंभारीण माशीने केलेलं मातीचं घर, या तिन्हींनी ते बुजतं. अशा वेळी पाणी आत व्यवस्थित फिरत असतं, फक्त धार दिसत नाही. याच्या उलटही होतं, आणि ते जास्त फसवं. बऱ्याच मॉडेलांत धारेची नळी मुख्य वाटेवरून आधीच फुटलेली असते. त्यामुळे धार दिसली म्हणजे पंप चालतोय एवढंच कळतं. हेडपर्यंत पुरेसं पाणी पोचतंय याची खात्री धार देत नाही. धारेचं पाणी हाताला सोसेल इतपत कोमट असावं. चटका देणारं पाणी किंवा वाफ आली तर वाट पुढे कुठेतरी तुंबली आहे.

यानंतर मशीन कोणत्या वेगाला तापतं ते आठवा, कारण निम्मं निदान तिथेच होतं. आयडलवर तापतं आणि वेग दिला की गार पडतं, तर इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं रबरी पात्यांचं चाक) झिजला आहे किंवा थर्मोस्टॅट (तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) बंद अवस्थेत अडकला आहे. आयडलला ठीक आणि जोरात पळवलं की तापतं, तर जाळी अर्धी बुजलेली, आतल्या वाटांत मिठाचा थर, हेड गास्केट (हेडखालचा पाणी अडवणारा पातळ थर) गेलेलं, किंवा मशीन फार उंच बसवलेलं. शेवटचं कारण तपासायला होडी सपाट जागी ठेवा. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा २५ मिमीपर्यंत खाली हवी. वर असेल तर पळताना जाळीत पाण्याबरोबर हवा जाते.

इंपेलर हा या सगळ्यातला सर्वांत लवकर झिजणारा भाग. तारकर्ली-देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी किंवा अशाच कुठल्याही वाळूच्या पट्ट्यावरून मशीन रोज नेलं, तर रबराची पाती एका हंगामात संपू शकतात. तीन वर्षं चालतो असं ऐकलं असेल, तर ते स्वच्छ पाण्याचं गणित आहे. इथे दर हंगामाआधी उघडून बघणं बरं. रबराला पाणी हेच वंगण, त्यामुळे 'आवाज ऐकण्यापुरतं' कोरडं चालवलेलं अर्धं मिनिटही ते खराब करायला पुरतं.

बदलण्यापूर्वी किल-स्विचची (मशीन तात्काळ बंद करणाऱ्या स्विचची) क्लिप काढा आणि प्लगच्या टोप्या उपसून ठेवा, म्हणजे पंखा फिरवताना मशीन पेटणार नाही. गिअरच्या दांडीचा सांधा आधी सोडवा. काही मॉडेलांत तो बाहेरून दिसतो, काहींत खालचा भाग थोडा उतरल्यावर. मग बोल्ट काढून खालचा भाग सरळ खाली ओढा. मिठाने धरलेल्या बोल्टवर गंज सोडवायचं ऑईल मारून तासभर थांबा; तुटलेला बोल्ट ड्रिल करून काढण्यात अख्खा दिवस जातो. उभ्या शाफ्टवर (पंखा फिरवणाऱ्या दांड्यावर) पंपाचं घर दिसेल. त्याचे चार बोल्ट काढून घर वर सरकवा.

आता इंपेलर उजेडात धरा. बहुतेकांना सहा पाती असतात. पाती एकाच दिशेला वाकून तशीच राहिली असतील, मुळाशी बारीक चिरा असतील किंवा कडा चकाकत असतील, तर तो बाद. पातं तुटलेलं असेल तर तुटके तुकडे मोजून शोधा. सापडले नाहीत तर ते वरच्या पाण्याच्या नळीत किंवा थर्मोस्टॅटखाली अडकलेले असतात, आणि नवा इंपेलर घालूनही मशीन तापत राहतं. स्टीलची वाटी आणि खालची पट्टी यांवरून नख फिरवा. नख खाचेत अडकलं तर तीही बदला. पूर्ण किट घेणं परवडतं, कारण गास्केट आणि ओ-रिंग त्यातच येतात.

नवा इंपेलर शाफ्टवरच्या चावीवर (छोट्या धातूच्या खिळीवर) नीट बसवा, पातींना ग्लिसरीन किंवा साबणाचं पाणी लावा. घर खाली दाबताना शाफ्ट वरून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरवत राहा, म्हणजे पाती बरोबर बाजूला वाकतात. पेट्रोलियमचं ग्रीस रबराला लावू नका. शाफ्टच्या दात्यांना मरीन ग्रीस लावा, पण टोकावर नको. तिथे ग्रीस साचलं की शाफ्ट पूर्ण वर बसत नाही. खालचा भाग चढवताना पाण्याची नळी रबरी कड्यात (बुशात) शिरली की नाही ते टॉर्चने बघा. ही नळी बाजूला राहणं ही इथली सर्वांत नेहमीची चूक.

थर्मोस्टॅट तपासायला एक पातेलं, दोरा आणि तापमापक पुरतो. दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवा आणि पाणी हळू तापवा. त्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास तो उघडायला हवा. आउटबोर्डला हा आकडा साधारण ४८ ते ६२ अंशांत असतो. गाडीपेक्षा इतका कमी ठेवायचं कारण मीठ. खारं पाणी जास्त तापलं की त्यातले क्षार धातूवर झपाट्याने बसतात. थर्मोस्टॅट काढून टाकून मशीन चालवणारे बरेच आहेत. त्याने मशीन गारठलेलं राहतं, इंधन नीट जळत नाही, प्लग काळे होतात, आणि फोर-स्ट्रोकमध्ये पेट्रोल ऑईलमध्ये उतरतं. नवा घ्या.

आतल्या वाटांतला मिठाचा थर जुना असेल तर थर्मोस्टॅट काढून पांढरं व्हिनेगर आणि गोडं पाणी समप्रमाणात घेऊन छोट्या पंपाने तासभर फिरवा, मग गोड्या पाण्याने भरपूर धुवा. संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही घालू नका. ते मिठाआधी ॲल्युमिनियम खातं. जस्ताचे ॲनोड (मशीनऐवजी स्वतः गंजणारे तुकडे) अर्धे झिजले असतील तर त्याच वेळी बदला.

एवढं करूनही तापलं तर प्लग काढून शेजारीशेजारी ठेवा. एक भुरकट आणि दुसरा धुतल्यासारखा स्वच्छ किंवा ओला असेल, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय, म्हणजे हेड गास्केट. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा; सिलिंडरांत १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर हेड उघडायला द्या. पाणी सगळं ठीक असूनही पिस्टन तापत असेल तर ऑईलचं प्रमाण आणि कार्ब्युरेटरची जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बघा. ५०:१ (५० भाग पेट्रोल, १ भाग ऑईल) सांगितलेल्या मशीनला लिटरमागे २० मिली ऑईल लागतं. रॉकेलच्या मशीनचं प्रमाण वेगळं असतं, ते त्याच्याच पुस्तिकेतून घ्या.

चाचणी ड्रममध्ये घ्या. पाणी जाळीच्या बरंच वर, आडवी पट्टी बुडेल इतकं हवं. गिअर न्यूट्रलला ठेवून १० मिनिटं आयडलवर चालवा. इन्फ्रारेड तापमापक असेल तर दोन्ही सिलिंडरांवर रोखा. आकडे जवळपास सारखे यायला हवेत. मग खाडीत, किनाऱ्याच्या हाकेच्या अंतरात, निम्म्या वेगाने १० मिनिटं. त्यानंतरच पूर्ण वेग. हे सगळं होईपर्यंत मासेमारीला किंवा पर्यटक घेऊन बाहेर जाऊ नका.