'ड्रॉबॅक' नेमका कुठे वापरायचा

नेरुळला माझ्या घरीच संध्याकाळी इंग्रजी बोलण्याचा वर्ग भरतो. परवा फळ्यावर 'ड्रॉबॅक' लिहून मी म्हटलं, "म्हणजे उणीव, तोटा." न्हावा शेवा बंदराची कामं करणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटकडे असलेला मुलगा गोंधळला. "मॅडम, आमच्याकडे ड्रॉबॅक जमा झाला की पार्टी पेढे पाठवते!"

त्याचंही बरोबरच होतं. कस्टम्सच्या भाषेत ड्रॉबॅक म्हणजे परतावा. परदेशातून आणलेल्या कच्च्या मालावर ड्यूटी, म्हणजे आयातीवरचा कर, भरली आणि त्यातून बनवलेली वस्तू निर्यात केली, तर ती ड्यूटी परत मिळते. १९६२च्या कस्टम्स कायद्यातलं ७५वं कलम त्यासाठीच आहे. शब्द फोडून पाहा: ड्रॉ म्हणजे ओढणं, बॅक म्हणजे मागे. त्याच्या ऑफिसात पैसा मागे येतो. आपल्या रोजच्या बोलण्यात, चांगल्या गोष्टीला मागे ओढणारी एखादी बाब.

'चांगल्या गोष्टीला' हे मात्र विसरू नका. आपण "सगळं छान आहे, पण..." म्हणतो ना, त्या 'पण'च्या पुढे येतो तो ड्रॉबॅक. घोडबंदर रोडचा फ्लॅट मोठा, हवेशीर, पण ट्रॅफिक! "द ओन्ली ड्रॉबॅक इज द ट्रॅफिक." अपघात मुळातच वाईट, म्हणून अपघाताचे ड्रॉबॅक्स सांगत बसू नये.

मुलाखतीच्या सरावात हमखास होणारी चूक वेगळीच. दुसऱ्यांच्या तुलनेत आपण मागे पडत असू, तर "आय ॲम ॲट अ डिसअडव्हान्टेज" म्हणायचं. तिथे ड्रॉबॅक बसत नाही.

उच्चारात जोर 'ड्रॉ'वर. आधी मेन, मेजर, ओन्ली लावा. पुढे 'ऑफ' चालतं, 'टू'ही चालतं. 'ड्रॉ बॅक' असं सुटं लिहिलंत तर ते क्रियापद होतं, अर्थ मागे सरकणं.

शेवटी त्या मुलाला म्हटलं, आता तुझ्या घराबद्दल बोल. त्याचे ओठ आधी नुसतेच हलले, मराठीत जुळवत असावा. मग म्हणाला, "माय रूम इन उलवे इज बिग अँड चीप. द ओन्ली ड्रॉबॅक इज दॅट माय मदर इज इन सातारा."

ते वाक्य मी फळ्यावर जसंच्या तसं उतरवलं.