खिशातला नवा म्युझिक प्लेअर कसा पारखावा

मोबाइलवर सारे काही ऐकता येत असताना वेगळा प्लेअर कशाला, हा प्रश्न दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच स्वतःला विचारावा, कारण पुढची सारी पारख त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला ये-जा करणाऱ्याला कसारा घाटातल्या बोगद्यात नेटवर्क गेले तरी गाणे अडू नये असे वाटते. निफाडकडच्या द्राक्षबागेत विरळणी करणाऱ्याला ओल्या, चिकट हातांनीही दाबता येतील अशी बटणे हवी असतात, तर निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला चालत जाणाऱ्या आजोबांना रोज मुक्कामी चार्जिंगसाठी प्लग शोधत बसायचे नसते. एकच यंत्र या तिघांना सारखे सोयीचे पडेलच असे नाही. म्हणून आपण कुठे, किती वेळ आणि काय ऐकणार, हे आधी कागदावर लिहून काढावे व खोक्यावरची वैशिष्ट्ये त्यानंतर वाचावीत.

त्यानंतर घरीच एक परीक्षेचे कार्ड तयार करावे. ३२ जीबीचे मायक्रोएसडी कार्ड त्यासाठी पुरते. दुकानदार ऐकवतो ते गाणे त्याच्या यंत्रावर चांगले वाजणार, हे ठरलेलेच असते. आपण आपले, शंभरदा ऐकलेले ध्वनिमुद्रण न्यावे. कार्डावर तानपुऱ्याने संथ सुरू होणारा एखादा ख्याल, तबल्याच्या बायाचा घुमारा स्पष्ट असलेली एक रचना, दोन फायलींत विभागलेली पण मध्ये खंड नसलेली मैफल, दोन तासांचे एखादे प्रवचन, एकच गाणे १२८ व ३२० केबीपीएस (म्हणजे सेकंदाला तितके किलोबिट) एमपीथ्रीमध्ये आणि शिवाय फ्लॅक या दर्जा न गमावणाऱ्या फाइलप्रकारात, एवढे असावे. फोल्डरांची नावे मुद्दाम देवनागरीत आणि जोडाक्षरांची ठेवावीत.

एम. जी. रोडवरच्या दुकानात प्लेअर हाती आला की तो लगेच सुरू करू नये. आधी तो खिशात घालावा आणि न पाहता अंगठ्याने आवाज वाढवणे, गाणे पुढे नेणे व थांबवणे या तीन क्रिया जमतात का ते पाहावे. २००१ मध्ये आलेल्या पहिल्या आयपॉडमध्ये ५ जीबी एवढीच जागा होती, पण त्याच्या गोल चाकामुळे शेकडो गाण्यांची यादी एका अंगठ्याने झरझर फिरवता येत असे. रचनेचा खरा कस असा हातात लागतो. केवळ स्पर्शपडद्यावर चालणारा प्लेअर घामेजल्या बोटांना दाद देत नाही. बटणांना कुलूप घालणारी होल्डची कळ नसेल, तर गर्दीत खिशातल्या खिशात गाणी बदलत राहतात. नंतर दुकानाबाहेर उन्हात येऊन पडदा वाचता येतो का ते पाहावे. इअरफोनची ३.५ मिलिमीटरची पिन खाचेत हलके फिरवून खरखर येते का तेही ऐकावे.

मराठी वाचकाने सर्वांत जास्त वेळ द्यावा तो देवनागरीला. माझ्या पहिल्या प्लेअरवर ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द नुसत्या चौकोनांच्या रांगेसारखा दिसे, आणि नववा अध्याय ऐकायचा तर वरून चौकोनांच्या रांगा मोजत उतरावे लागे. काही यंत्रांवर अक्षरे दिसतात, पण ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे पडते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी उभी राहतात. त्यामुळे ‘कृष्ण’, ‘स्त्री’, ‘निर्मितीच्या’ अशा शब्दांवर नजर टाकावी. दोष कधी फाइलमधल्या माहितीपट्टीचाही असतो: आयडीथ्री, म्हणजे गाण्याचे शीर्षक, गायक वगैरे फाइलमध्येच लिहिण्याची पद्धत, तिच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीत शीर्षकाला ३० बाइट एवढीच जागा असते, आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेत असल्याने तिथे १० चिन्हांतच जागा संपते. अध्यायांना ‘१’, ‘२’ असे आकडे दिले असल्यास ‘१०’ हा कित्येकदा ‘२’च्या आधी येऊन बसतो, ‘०१’, ‘०२’ असे आकडे द्यावेत, म्हणजे यंत्राला दोष देण्याची वेळ येत नाही. प्रवचन मध्येच बंद करून दुसरे काही लावावे आणि परत यावे. प्लेअरने सोडल्या जागेपासून सुरुवात केली नाही, तर लांबीचे काही ऐकणाऱ्याने तो घेऊ नये, असे माझे मत आहे.

आवाजाची तुलना करताना एक फसगत हमखास होते. दोन यंत्रांपैकी जे किंचित मोठ्याने वाजते, ते कानाला अधिक चांगले वाटते. म्हणून एकच इअरफोन आळीपाळीने आपल्या फोनला व प्लेअरला लावून आधी दोन्हींचा आवाज सारखा करावा, इक्वलायझर बंद ठेवावा आणि मगच निवाडा करावा. तानपुऱ्याच्या संथ भागात मागे सूक्ष्म ‘स्स्स’ ऐकू आल्यास तो यंत्राचा दोष समजावा, मात्र तोच भाग फोनवरही ऐकून खात्री करावी. दोन फायलींच्या सांध्यावर मैफल क्षणभर गप्प होते का, हेही पाहावे. एमपीथ्री तयार होताना फाइलच्या सुरुवातीला व शेवटी थोडी शांतता जोडली जाते आणि चांगला प्लेअर ती वगळतो. न वगळणाऱ्यावर तान मध्येच तुटते. ब्लूटूथवर ऐकणार असल्यास एलडॅकसारखी, बिनतारी आवाज अधिक दर्जाने पाठवणारी सोय प्लेअर व हेडफोन दोन्हींत असावी लागते, एकात असून उपयोग नाही. गाडीच्या गोंगाटात आवाज नकळत वाढतो, म्हणून कान नीट झाकणारे इअरफोन घ्यावेत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबल आणि ४० तास ही मर्यादा सांगते.

साठवणुकीचे गणित सोपे आहे. ३२० केबीपीएसला मिनिटाला सुमारे २.४ एमबी लागतात, म्हणजे ६४ जीबीत सव्वाचारशे तासांहून अधिक संगीत मावते. संगणक ६४ जीबी ऐवजी ५९.६ दाखवतो ती लबाडी नसून १०२४च्या पटीत मोजण्याचा परिणाम असतो. स्वस्त कार्ड मात्र खरोखर बनावट असू शकते, म्हणून ते पूर्ण भरून, शेवटच्या फायली वाजवून पाहावे.

चित्रफिती दाखवण्याची सोय अडीच इंचांच्या पडद्यावर असली काय आणि नसली काय, तिच्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. एफएम हवे असल्यास इअरफोन लावूनच आकाशवाणी नाशिक धरून पाहावे, कारण बहुतेक यंत्रांत त्याची तारच अँटेना असते.

पैसे देण्यापूर्वी खोक्यावरचा उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना व वर्ष वाचावे, कारण दोन-तीन वर्षे पडून राहिलेल्या लिथियम बॅटरीची क्षमता घटलेली असते. बॅटरीवर भारतीय मानक ब्यूरोचा ‘आर’पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा, तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळता येतो. बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्यावी आणि त्या मुदतीत घरी बॅटरी तपासावी. जाहिरातीतले तास बहुधा पडदा बंद व आवाज बेताचा ठेवून मोजलेले असतात. आपण आपल्या नेहमीच्या आवाजावर, ब्लूटूथ वापरत असू तर ते चालू ठेवून, पूर्ण भरलेली बॅटरी संपेपर्यंत प्लेअर वाजवावा व वेळ टिपून ठेवावी. पुढच्या रात्री पूर्ण भरून तो नुसता बंद ठेवावा. सकाळी बॅटरी लक्षात येण्याइतकी उतरलेली दिसली, तर बिल आणि खोका घेऊन त्याच दिवशी दुकान गाठावे, आणि तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवावा.