पहिला संगणक स्वतः जोडताना: कोणती भीती खरी, कोणती उगाचची

सुटे भाग टेबलावर मांडून झाले की नवख्या माणसाचा हात हमखास अडतो. तोपर्यंत सगळे सोपे वाटत असते, पण प्रोसेसर प्रत्यक्ष चिमटीत धरल्यावर ‘माझ्या हातून हा बिघडला तर?’ हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. ही काळजी रास्त आहे, मात्र ती बहुधा नको त्या जागी खर्च होते. प्रोसेसर जागी घट्ट धरणारा लिव्हर दाबताना येणाऱ्या करकर आवाजाने लोक धास्तावतात, थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) किती लावावी यावर तासन्‌तास वाचत बसतात आणि ज्या तीन-चार गोष्टींनी खरोखर नुकसान होते त्यांकडे त्यांचे लक्षच जात नाही. म्हणून जोडणीच्या क्रमानेच जात कुठे निर्धास्त राहावे आणि कुठे थांबून दोनदा पाहावे, हे येथे सांगतो.

पहिली शंका खरेदीपूर्वीची असते: हे भाग एकमेकांशी जुळतील का? येथे अंदाजाला वाव नाही, पण काम कठीणही नाही. प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो ते सॉकेट आणि मदरबोर्डचे, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडतात त्या मुख्य बोर्डाचे, सॉकेट एकच हवे. एएमडीच्या एएम५ला एएम५, इंटेलच्या एलजीए १८५१ला एलजीए १८५१. रॅमच्या बाबतीत डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ संपर्कबिंदू असले, तरी मधली खाच वेगळ्या जागी असल्यामुळे एक दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. सॉकेट जुळूनही अडचण येऊ शकते ती बायोसची, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या मूळ प्रणालीची. बोर्ड आधी बाजारात आला आणि प्रोसेसर नंतर, तर जुन्या बायोसला तो प्रोसेसर ओळखता येत नाही. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर प्रोसेसरची यादी असते आणि प्रत्येकापुढे किमान बायोस आवृत्ती दिलेली असते. ती यादी पैसे देण्यापूर्वी पाहावी. बऱ्याच बोर्डांवर प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून बायोस बदलण्याची सोय असते, आणि पहिल्याच जोडणीला ती असलेला बोर्ड घ्यावा असे माझे मत आहे. याखेरीज ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरची उंची कॅबिनेटमध्ये मावते का, एवढे मिलिमीटरमध्ये पडताळले की पुरे.

स्थिर विद्युतेची भीती सर्वांत जास्त ऐकू येते. ती खोटी नाही: आपल्याला बोटाला झटका जाणवतो तेव्हा अंगावरचा विद्युतदाब साधारण ३,००० व्होल्टच्या घरात असतो, आणि त्याहून कितीतरी कमी दाबानेही चिपला इजा होऊ शकते. तरीही यासाठी प्रयोगशाळेसारखी तयारी लागत नाही. गालिच्यावर किंवा पलंगावर बसून काम करू नये, लोकरी कपडे टाळावेत, भाग हाताळण्यापूर्वी अर्थिंगला जोडलेल्या उघड्या धातूला हात लावावा आणि बोर्ड नेहमी कडेने धरावा. मनगटी पट्टा असेल तर उत्तमच. त्यात १ मेगाओहमचा रोधक असतो, त्यामुळे अंगावरचा भार हळूहळू वाहून जातो. बोर्ड ठेवण्यासाठी त्याचा पुठ्ठ्याचा खोका सर्वांत चांगला. बोर्ड ज्यातून येतो त्या चंदेरी पिशवीवर ठेवून मात्र तो कधीही सुरू करू नये, कारण त्या पिशव्यांचा पृष्ठभाग काही प्रमाणात विद्युतवाहक असतो.

आता प्रोसेसर. खरी सावधगिरी येथे बाळगायची आहे, पण ती जोर लावण्याबाबत नव्हे, तर खाली ठेवण्याबाबत. एएम५ आणि इंटेलच्या सॉकेटांमध्ये पिना बोर्डाच्या बाजूला असतात; एएम५मध्ये त्या १,७१८ आहेत आणि केसासारख्या बारीक आहेत. प्रोसेसर हातातून निसटून त्यांच्यावर तिरका पडला, किंवा पुसण्यासाठी म्हणून कापडाचा धागा त्यांत अडकला, तर वाकलेली पिन सरळ करणे अतिशय जिकिरीचे असते. म्हणून प्रोसेसरच्या कोपऱ्यातला छोटा त्रिकोण आणि सॉकेटवरची खूण जुळवून घ्यावी, दोन्ही कडा चिमटीत धरून तो आडवा खाली न्यावा आणि अलगद सोडावा. तो बसवण्यासाठी तसूभरही जोर लागत नाही. लागत असेल तर दिशा चुकली आहे. यानंतर लिव्हर खाली आणताना मात्र चांगलाच जोर लागतो, धातू करकरतो आणि काळे प्लास्टिकचे झाकण टपकन उडून बाहेर पडते. हे सगळे अपेक्षितच आहे. प्रोसेसर नीट बसला असेल तर हा दाब चौकटीवर सारखा वाटला जातो, त्यामुळे काही मोडत नाही.

रॅमचे याच्या अगदी उलट आहे. तेथे लोक फार जपून दाबतात आणि पट्टी अर्धवटच बसते. माझ्या पहिल्या जोडणीत पंखे फिरत होते, दिवे लागत होते आणि पडदा काळाच होता. दोन तास मी एकेक केबल काढून पुन्हा लावली, ग्राफिक्स कार्ड काढले, बोर्ड गेला असे मनाशी ठरवूनही टाकले. शेवटी टॉर्चच्या उजेडात बाजूने पाहिले, तेव्हा रॅमच्या एका पट्टीचे एक टोक दुसऱ्यापेक्षा जेमतेम एक मिलिमीटर वर दिसले. अंगठ्याने ते टोक दाबले, ‘टक्’ असा आवाज आला आणि पुढच्या खेपेला डिस्प्ले आला. तेव्हापासून दोन्ही टोकांना वेगवेगळा ‘टक्’ ऐकल्याशिवाय मी पुढे जात नाही. पट्ट्या दोन आणि स्लॉट चार असतील, तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या असतात. बोर्डाच्या पुस्तिकेत तसे चित्र असते.

थर्मल पेस्टची चर्चा तिच्या महत्त्वापेक्षा फार मोठी झाली आहे. मध्यभागी वाटाण्याएवढा थेंब पुरतो; कूलरच्या दाबाने तो पसरतो आणि थोडी पेस्ट जास्त झाली तरी बिघाड होत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कूलरच्या तळावरची पारदर्शक फिल्म. ती तशीच राहिली तर प्रोसेसर काही क्षणांतच तापतो. कूलरचे स्क्रू एका बाजूचा पूर्ण आवळून मग दुसरा असे करू नयेत, तर समोरासमोरचे आलटून-पालटून थोडे थोडे आवळावेत, आणि पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ असे लिहिलेल्या जागीच लावावी.

यापुढे माझा आग्रह असा की, बोर्ड कॅबिनेटमध्ये कसण्यापूर्वी खोक्यावर ठेवूनच एकदा सुरू करून पाहावा. प्रोसेसर, कूलर, रॅमची एक पट्टी आणि एसएमपीएस (सर्व भागांना वीज पुरवणारी पेटी) एवढ्यावर काम भागते. प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसेल, जसे इंटेलच्या नावात शेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरांत नसते, तर ग्राफिक्स कार्डही लावावे लागते. बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकत्र स्पर्श केला की संगणक सुरू होतो. हे करताना भीती वाटते खरी, पण कॅबिनेटचे बटणही नेमके हेच करते. फक्त पिना त्याच आहेत हे पुस्तिकेतल्या चित्राशी ताडून पाहावे.

कॅबिनेटमध्ये नुकसानाच्या दोन खऱ्या जागा आहेत. पहिली म्हणजे बोर्डाला कॅबिनेटच्या पत्र्यापासून वर धरणारे पितळी खुंट, म्हणजेच स्टँडऑफ. पूर्ण आकाराचा एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा असतो आणि त्याला सहसा नऊ छिद्रे असतात. प्रत्येक छिद्राखाली एक स्टँडऑफ हवा आणि जेथे छिद्र नाही तेथे एकही नको. बोर्ड लहान असेल आणि आधीपासून बसवलेला एखादा जास्तीचा स्टँडऑफ त्याच्या पाठीला टेकला, तर थेट शॉर्टसर्किट होते. म्हणून बोर्ड आत ठेवण्यापूर्वी छिद्रे आणि स्टँडऑफ मोजून घ्यावेत.

दुसरी जागा एसएमपीएसच्या केबलची, आणि या साऱ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही. ज्या एसएमपीएसच्या केबली सुट्या होतात, त्यांत दुसऱ्या एसएमपीएसची केबल कधीही लावू नये. भागांकडचे टोक सगळीकडे सारखे असते, परंतु एसएमपीएसकडच्या टोकाला कोणत्या पिनेत किती व्होल्ट असावेत याचे प्रमाण ठरलेले नाही. केबल व्यवस्थित बसते, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेल्यामुळे ड्राइव्ह जळते. जुनी केबल लांब आहे, रंग चांगला आहे, अशा कारणांनी मोह होतो, तो टाळावा. प्रोसेसरची आठ पिनांची केबल आणि ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची केबल दिसायला सारख्या असल्या, तरी वेगळ्या आहेत: पहिली चार-चार अशी सुटी होते, दुसरी सहा-दोन अशी. नव्या ग्राफिक्स कार्डांवरचा ६०० वॉटपर्यंतचा सोळा पिनांचा जोड शेवटपर्यंत आत गेला आहे, फट उरलेली नाही, हे नजरेने पाहावे. अर्धवट बसलेला जोड तापून वितळू शकतो. कोणत्याही कारणाने एसएमपीएसची पेटी उघडू नये, कारण वीज काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरांमध्ये धोकादायक भार टिकून राहतो.

कॅबिनेटच्या पुढच्या भागातून येणाऱ्या बारीक वायरींनी मात्र कुणी घाबरू नये. स्विचच्या वायरी उलट लागल्या तरी चालतात, आणि दिव्याच्या उलट लागल्या तर दिवा लागत नाही, इतकेच.

सगळे जोडून बटण दाबले आणि डिस्प्ले आला नाही, तर धीर सोडू नये. डीडीआर५ रॅम पहिल्या खेपेला आपली वेळजुळणी स्वतः ठरवते आणि त्यात काही मिनिटे जातात. रॅम मोठी असेल तर आणखी जास्त. या काळात पडदा काळाच असतो आणि घाईने वीज बंद केली तर हे काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पुरेसे थांबूनही काही दिसले नाही, तर मॉनिटरची केबल बोर्डाऐवजी ग्राफिक्स कार्डाला लावली आहे ना, प्रोसेसरची वीज जोडली आहे ना आणि एसएमपीएसचा मागचा स्विच चालू आहे ना, हे या क्रमाने पाहावे. बऱ्याच बोर्डांच्या कडेला प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट यांचे चार छोटे दिवे असतात. जो पेटलेला राहतो तेथे शोध घ्यावा. रॅमचा दिवा असेल तर एकच पट्टी ठेवून स्लॉट बदलून पाहावे, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर वीज पूर्ण काढून बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी काही मिनिटे बाहेर ठेवावी, म्हणजे बायोसची मांडणी मूळ स्थितीत येते.

बायोस दिसल्यावर दोन आकडे पाहावेत. रॅमच्या खोक्यावर ६००० लिहिलेले असून तेथे ४८०० दिसले, तर फसवणूक झालेली नाही. बायोसमधला एक्सएमपी किंवा एक्सपो हा रॅमला खोक्यावरच्या वेगाने चालवणारा पर्याय सुरू करेपर्यंत रॅम मूळ वेगानेच चालते. दुसरा आकडा तापमानाचा. काही न करता प्रोसेसर ३० ते ५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असेल तर ठीक आहे, पण तो बघता बघता ९०च्या पुढे चढत असेल तर संगणक बंद करून कूलर उघडावा आणि सर्वप्रथम ती फिल्म पाहावी. जोरदार कामाच्या वेळी मात्र आजचे काही प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेले असतात, आणि मर्यादा आली की ते वेग कमी करून स्वतःला सांभाळतात.

खोके आणि पावत्या जपून ठेवाव्यात, आणि त्यांच्याबरोबर सॉकेटमधून उडालेले ते काळे झाकणही. बोर्ड वॉरंटीत परत पाठवण्याची वेळ आली, तर पिना सुरक्षित राहण्यासाठी ते झाकण सॉकेटवर बसवूनच बोर्ड पाठवावा लागतो.