कराटेची वही

बत्तिसाव्या वर्षी कराटेच्या क्लासला जायला लागलो, तेव्हा माझ्या रांगेत सगळी चौथी-पाचवीतली पोरं. त्यांना एकदा दाखवलं की यायचं. माझं घरी पोचेपर्यंत निम्मं विसरून व्हायचं. म्हणून वही केली. पहिला महिना तीत हालचालींची नुसती नावं उतरवली: गेदान बाराई, ओई झुकी, आगे उके. फुकट गेली ती पानं.

वही कामाला आली हेइआन शोदान शिकताना. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली; या कातात त्या २१. नवव्या हालचालीला किआई, म्हणजे जोरदार आरोळी, देऊन वळायचं, आणि तिथे मी हमखास फसायचो. तोंड बरोबर दिशेला, पण पुढे पाय उजवा. मग तिथून सगळंच उलटं. एका रात्री पानावर पावलं काढली, जो पाय जागचा हलत नाही त्याला गोल केला, आणि लिहिलं: 'डावा पाय पाठीमागून, पाऊण गिरकी.' त्यानंतर ते वळण चुकलं नाही.

तेव्हापासून सरांनी काय दाखवलं यापेक्षा माझं काय चुकलं तेच लिहितो, शक्यतो सरांच्याच शब्दांत. 'दुसरा हात झोपलाय' हे वाक्य माझ्या वहीत अकरा वेळा आहे. व्हिडिओ काढून बघितलंय. त्यात सर छान दिसतात, माझी चूक दिसत नाही. क्लास चालू असताना मात्र वही काढू नका. गाडीला किल्ली लावण्याआधी मोबाइलवर दोन वाक्यं बोलून ठेवायची आणि जेवायच्या आत उतरवायची. सकाळी काही आठवत नाही.

डावं पान कोरं सोडा. चौथ्या हालचालीत हात मागे का ओढायचा, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. समोर नुसतं प्रश्नचिन्ह होतं. सहा महिन्यांनी जोडीदाराने मनगट घट्ट धरलं आणि सर म्हणाले, "आता चौथी करा." हात सुटला. त्या रात्री डावं पान भरलं.

पुढे बदली झाली. नवा क्लास शितो-र्‍यू या कराटेच्या दुसऱ्या शैलीचा, तिथे हेइआन कातांनाच पिनान म्हणतात. मी ऐटीत 'शोदान येतं' म्हणालो आणि पहिल्याच पावलाला अडकलो. माझ्या जुन्या शोतोकान शैलीचे संस्थापक फुनाकोशी यांनी शोदान (पहिला) आणि निदान (दुसरा) या कातांच्या नावांची अदलाबदल केली होती, हे मला कुठे ठाऊक! वहीतली पावलं दाखवली, तर नवे सर हसले, "अहो, हे आमचं निदान!"