गच्चीतली भाजी बिघडली? औषध आणण्याआधी या चुका टाळा

कुंडीतलं रोप जरा मलूल दिसलं की पहिला प्रश्न येतो, "काय फवारू?" माझं ऐकाल तर काहीच फवारू नका, आधी मातीत बोट घाला. मुळांना पाणी कमी पडलं की पानं मान टाकतात आणि जास्त पाण्यानं मुळं कुजली तरीही टाकतात. वरून दोन्ही सारखंच दिसतं आणि आपण तांब्याभर पाणी आणखी ओततो. दोन पेरांपर्यंत बोट जाऊ द्या, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. भर दुपारी दुधीची, वांग्याची मोठी पानं झुकतातच. संध्याकाळी ती सावरली तर झाड ठणठणीत आहे असं समजा.

नुसती काळी माती कुंडीत भरणं ही दुसरी चूक. भिजली की चिखल, सुकली की भेगा, आणि गच्चीवर वजन होतं ते वेगळंच. माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत सारख्या प्रमाणात घ्या, त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळा. पालापाचोळा तर फेकूच नका. मुंबईत बंदराचा कारभार पाहणाऱ्या पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्या खानपान अधिकारी प्रीती पाटील यांनी जी बाग उभी केली, ती स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि पालापाचोळा यांच्याच जोरावर. मात्र कच्च्या साली थेट बुंध्याशी टाकायच्या नाहीत. कुजताना त्या तापतात, चिलटं येतात आणि कोवळी मुळं होरपळतात. वेगळ्या डब्यात सुक्या पानांबरोबर कुजू द्या, मातीचा वास यायला लागला की मग कुंडीत घाला.

टोमॅटो-वांग्याला 15 ते 20 लिटरची कुंडी आणि निदान 6 तास ऊन हवं. तेवढं ऊन नसेल तर पालक, पुदिना, अळू लावा, मन लावून वाढतात.

आता वेलांकडे येते, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच हिरमुसतात. "फुलं भरपूर, पण सगळी गळतात." सुरुवातीची फुलं बहुतेक नर असतात, ती गळणारच. मादी फूल ओळखायला सोपं आहे, पाकळ्यांच्या मागे बोटाच्या टोकाएवढी काकडी किंवा दुधी तयारच दिसते. तीही पिवळी पडून गळत असेल, तर बहुधा परागकण पोचलेले नाहीत. उंच मजल्यांवर मधमाश्या कमी फिरकतात, म्हणून ते काम आपण करायचं. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला पुंकेसर (परागकणांचा दांडा) मादी फुलाच्या मध्यभागी अलगद फिरवा. वेळ मात्र सांभाळा. काकडी, कारलं, लाल भोपळा यांची फुलं सकाळी उमलतात. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी, दोडक्याचीही उतरत्या उन्हात. सकाळी चहा घेऊन दुधीपाशी गेलात तर उशीर झालेला असतो.

फळ धरून मग सडतंय आणि कापल्यावर आत अळ्या दिसतात? ती फळमाशी. फळ कोवळं असतानाच कागदी पिशवी बांधा. सडलेलं फळ वेलाखाली टाकू नका, अळ्या मातीत शिरून कोष करतात आणि नवी पिढी तयार होते. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा.

मिरचीची पानं वळून आकसतात तो चुरडामुरडा, म्हणजेच बोकड्या, सगळीकडे एकच समजला जातो. पान जवळून बघा. कडा वरच्या बाजूला वळल्या असतील तर बहुधा फुलकिडे आहेत. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकलात तर बारीक, लांबट किडे पळताना दिसतील. कडा खाली वळून पान अरुंद झालं असेल तर कोळी नावाची बारीक कीड. दोन्हीसाठी लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि द्रव साबणाचे थेंब घालून पानांच्या खालून फवारा, 6-7 दिवसांनी पुन्हा. फवारणी संध्याकाळीच करा, भर उन्हात तेलानं पानं भाजतात. पानं बारीक होऊन झाडच खुजं, झुपकेदार राहिलं असेल तर तो पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू असतो. त्याला औषध नाही. जीव कितीही तुटला तरी ते झाड उपटा, शेजारची वाचतील.

टोमॅटोचं बूड काळं पडलं की अंड्याची टरफलं टाकायचा सल्ला मिळतो. टरफलं कुजायला महिनोन् महिने लागतात, तोवर हंगाम संपतो. फळाला कॅल्शियम पोचत नाही हे खरं, पण कारण बहुतेक वेळा एक दिवस कोरडं, एक दिवस तुडुंब असं पाणी. मातीवर पाचोळ्याचा जाड थर द्या आणि पाणी नियमित ठेवा, पुढची फळं चांगली येतात.

आणि एप्रिल-मे महिन्यात टोमॅटोची फुलं गळतात ती उकाड्यामुळे. तुमच्या हाताचा त्यात काही दोष नाही. टोमॅटो पावसाळ्याच्या शेवटी लावा, कोथिंबीर-मेथीही थंडीत घ्या. उन्हाळ्यासाठी भेंडी आणि गवार आहेत. भेंडीचं बी रात्रभर भिजवून थेट कुंडीत टोचा, साधारण 45 ते 50 दिवसांत पहिली भेंडी निघते. मग एक दिवसाआड तोडत राहा. भेंडी झाडावर जून झाली की नवी फुलं कमी येतात. एका वेळी चारच निघाल्या तर फ्रिजमध्ये साठवा, दोन तोडण्या मिळून एक भाजी होते.